थर्मल कॅमेऱ्यात रोज एकाच बाजूचा गुडघा तापलेला दिसतोय? आधी भिंत तपासा

खानदेशातल्या मैदानांवर आता फोनला लावायचा छोटा थर्मल कॅमेरा दिसू लागला आहे. पोलीस भरतीची तयारी करून घेणारे, कबड्डीचे संघ सांभाळणारे, तालमीत पोरं घडवणारे, सगळ्यांना त्यातून एकच हवं असतं: दुखापत चिघळायच्या आत कळावी. तक्रारही बहुतेकांची एकच असते. "सर, पोराच्या उजव्या गुडघ्यावर रोज लाल डाग येतोय. त्याला आराम देऊ का?" आणि पोरगं शेजारी उभं राहून कळवळून सांगत असतं, "मना पाय दुखत नही ना सर!"

भरतीला महिना उरलेला असताना १६०० मीटरवाल्या पोराला आठवडाभर बसवणं ही लहान गोष्ट नाही. त्याच्या घरच्यांनी त्या एका संधीवर किती आशा लावलेली असते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून त्याला बसवायच्या आधी तो डाग पायाचा आहे की खोलीचा, हे ठरवता आलं पाहिजे. ते ठरवायला नवं यंत्र लागत नाही.

डाग येतो कुठून

कॅमेरा कातडीला हात लावत नाही. कातडीतून निघणारे अवरक्त किरण, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे, तो मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. माणसाची कातडी हे किरण फार चांगले सोडते. तिची एमिसिव्हिटी, म्हणजे किरण सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १ पैकी ०.९८ धरतात, गोरी असो वा काळी. म्हणजे कॅमेऱ्याकडे येणाऱ्यातलं ९८ टक्के कातडीचं स्वतःचं असतं. उरलेले २ टक्के भोवतालच्या वस्तूंवरून येऊन कातडीवर आपटून परतलेले असतात.

दोन टक्के म्हणजे नगण्य वाटतं. थंड हवेच्या, बंद खोलीत ते नगण्य असतंही. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर जाते आणि मैदानाकडेच्या शेडचा पत्रा त्याहून कितीतरी वर. कातडी ३५ अंशांवर आहे आणि एका बाजूला ६० अंशांचा पत्राच पत्रा आहे असं धरून हिशेब केला, तर त्या बाजूची कातडी नुसत्या परावर्तनाने जवळजवळ अर्धा अंश जास्त दिसते. ढोबळ नियम असा की भोवताल दर १० अंशांनी वाढला की वाचन साधारण ०.२ अंशाने फुगतं.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. क्रीडा क्षेत्रात डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाची जी पट्टी वापरतात, ती साधारण अशी: ०.४ अंशापर्यंत फरक नेहमीचा, ०.५ ते ०.७ असेल तर लक्ष ठेवा, ०.८ ते १ असेल तर सराव हलका करा, त्यापुढे धोक्याची सूचना, आणि १.६ च्या वर गेला तर गंभीर. म्हणजे ज्या अर्ध्या अंशावर आपण पोरावर लक्ष ठेवायला लागतो, तेवढा अर्धा अंश शेडचा पत्रा फुकटात देऊन जातो.

हे झालं नुसतं परावर्तन. तापलेली भिंत त्या बाजूची कातडी खरोखरही तापवते, आणि तो परिणाम अनेकदा परावर्तनापेक्षा मोठा असतो. तिथे कॅमेऱ्याची काही चूक नसते. कातडी गरम झालेली असतेच, फक्त तिचं कारण आत गुडघ्यात नसून बाहेर भिंतीत असतं.

पत्र्यांतही फरक आहे. रंग दिलेला किंवा जुना गंजलेला पत्रा तापला की भरपूर किरण सोडतो. नवा चकचकीत पत्रा स्वतः कमी सोडतो, पण समोरच्या तापलेल्या अंगणाचे किरण पायावर परतवतो. शिवाय चकचकीत पत्र्यावर कॅमेरा रोखून त्याचं तापमान पाहू नका, ते चुकीचंच येणार.

दोष पोराचा की जागेचा

सगळ्यात आधी सगळ्या खेळाडूंच्या प्रतिमा एकाशेजारी एक ठेवा. एकट्या रेडरचा गुडघा लाल असेल तर गोष्ट वेगळी. पण सगळ्यांचाच उजवा गुडघा, उजवी पोटरी, उजवी मांडी थोडी थोडी जास्त दिसत असेल, तर सगळ्या संघाला एकाच पायाची दुखापत होत नसते. जागा किंवा कॅमेरा, दोहोंपैकी एक बोलतोय.

मग वेळ पाहा. खेळाडू उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो असं धरा. सकाळी ऊन पूर्वेच्या भिंतीवर, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला. संध्याकाळी पश्चिमेची भिंत तापलेली, म्हणजे डाव्या हाताला. सकाळच्या सत्रात उजवा गुडघा लाल आणि संध्याकाळच्या सत्रात डावा, असं दिसलं की ते भिंतीचं काम. यात धोका असा की सकाळ-संध्याकाळच्या प्रतिमा एकत्र पाहणारा "उजवा बरा झाला, आता डाव्यावर भार येतोय" अशी कथा रचून मोकळा होतो. ती कथा इतकी पटण्यासारखी असते की पुढे कोणी तपासतच नाही.

कॅमेऱ्याचा दोष शोधायला तो उलटा धरा, वरची बाजू खाली. खेळाडू जिथे उभा आहे तिथेच राहू द्या. लाल डाग दुसऱ्या पायावर गेला, तर दोष कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये किंवा भिंगात आहे. स्वस्त कॅमेऱ्यांत चौकटीच्या कडा मधल्या भागापेक्षा वेगळं वाचन देतात. म्हणून दोन्ही पाय चौकटीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर आले पाहिजेत.

डाग त्याच पायावर राहिला, तर आता खेळाडू आणि कॅमेरा दोघांनाही खोलीत अर्धं वर्तुळ फिरवा, म्हणजे पूर्वी उजवीकडे असलेली भिंत डावीकडे येईल. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण कातडीला नव्या जागेशी जुळायला तेवढा वेळ लागतो, आणि परत प्रतिमा घ्या. डाग आता दुसऱ्या पायावर आला, तर भिंत दोषी. सगळं फिरवूनही त्याच पायावर चिकटून राहिला, तर मात्र तो पायाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करायचं नाही.

आणखी एक चाचणी आहे, मला सगळ्यात आवडणारी. पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चांगला चुरगाळा, परत सपाट करा, पुठ्ठ्यावर चिकटवा. खेळाडूला बाजूला करून हा पुठ्ठा उजव्या गुडघ्याच्या जागी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा. कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी १ करा आणि फॉइलचं सरासरी वाचन लिहून घ्या. मग डाव्या गुडघ्याच्या जागी तेच करा. फॉइल स्वतःचे किरण जवळजवळ सोडत नाही, भोवतालचेच परतवते. त्यामुळे आलेला आकडा म्हणजे त्या जागी भोवतालचं परावर्तित तापमान. दोन जागांच्या आकड्यांत ८-१० अंशांचा फरक आला, तर त्या जागी कोणाचेही पाय मोजू नका.

जागा सुधारायची कशी

या कामासाठी जगभर जी शिस्त सांगितली जाते ती १८ ते २५ अंशांची, वारा नसलेली बंद खोली. आपल्या तालुक्याच्या मैदानावर ती कुठून आणणार? पण तिच्या जवळ जाता येतं. उन्हाळ्यात मोजणी पहाटेच करा. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याच्या आधी रात्रभर निवलेल्या खोलीत काम उरकलं की भिंतींचा प्रश्न बराचसा मिटतो. शेडऐवजी स्लॅबची किंवा मातीच्या भिंतीची खोली मिळाली तर फार उत्तम. मधल्या मजल्यावरची असेल तर आणखी चांगलं, कारण डोक्यावरचा स्लॅब तापलेला नसतो. शाळेचा वर्ग मिळत असेल तर मुख्याध्यापकांना विनंती करा.

खेळाडूच्या मागे आणि दोन्ही बाजूंना सतरंजी किंवा जाड चादर टांगा. ती आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत असू द्या, म्हणजे खोलीच्याच तापमानाला असेल. ओली करू नका.

आणि कूलर बंद. हा मुद्दा मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे खोलीत शिरलं की पहिला हात कूलरच्या बटणाकडे जातो. कूलरची ओलसर, थंड हवा एका बाजूने आली की त्या बाजूचा पाय निवतो आणि दुसरा आपोआप "तापलेला" दिसतो. पंख्याचंही तेच. खेळाडू त्या खोलीत शांत उभा राहील ती दहा-पंधरा मिनिटं वारा नको, ऊन नको, आणि पायात नी-कॅप, मोजे, टेप काहीच नको.

मे महिन्यात सकाळी नऊनंतर दुखापत शोधायला कॅमेरा बाहेर काढूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हवा कातडीपेक्षा गरम झाली की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. सगळ्या कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, सगळीकडे घाम येतो, आणि दुखऱ्या व निरोगी जागेतला जो बारीक फरक आपण शोधतोय तोच पुसला जातो. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण येते. पहाटेच्या गारठ्यात मैदानावरून थेट आलेल्या पोराचे पाय इतके थंड असतात की त्यांना खोलीत जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

"धावून आला तरी पोटरी थंडच कशी?"

हाही नेहमीचा प्रश्न. सराव सुरू असताना किंवा संपल्यासंपल्या प्रतिमा घेतली की पोटरीचं वाचन आधीपेक्षा कमी येतं आणि प्रशिक्षकाला वाटतं स्नायू तापलेच नाहीत. स्नायू तापलेले असतात. पण व्यायामाच्या सुरुवातीला शरीर कातडीकडचं रक्त आखडून स्नायूंकडे वळवतं, त्यामुळे कातडी काही काळ निवते. त्यात घाम वाळताना आणखी थंडावा. शिवाय पाण्याचा पातळ थरही या किरणांना अडवतो, म्हणजे घामाने भिजलेल्या पायावर कॅमेरा कातडी नाही, घामाचा पृष्ठभाग पाहतो. धावताना लागणारा वारा वेगळाच.

म्हणून मोजणीच्या वेळा ठरवून टाका. माझ्या मते दुखापतीवर लक्ष ठेवायला सर्वांत भरवशाची वेळ म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे, सरावाच्या आधी. सरावानंतर घ्यायचीच असेल तर घाम मऊ कापडाने टिपून घ्या. खसाखसा पुसू नका, घासल्याने कातडी तापते. आणि दर वेळी सराव संपल्यापासून तेवढीच मिनिटं जाऊ द्या. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर जास्त असतं, तेव्हा सकाळची प्रतिमा संध्याकाळच्या प्रतिमेशी ताडून पाहू नका.

बाम, मालिशचं तेल, बर्फ, गरम पाण्याची अंघोळ, तंबाखू, चहा हे सगळं कातडीचं वाचन बदलतं. कुस्तीगीरांच्या अंगावरची आखाड्याची माती तर बदलतेच. मोजणीआधी काही तास यातलं काही नको. पोरांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, पहाटे सांगून उपयोग नाही.

कॅमेऱ्याच्या खोडी

या कॅमेऱ्यांची अचूकता साधारण ±२ अंश असते, फोनला लावायच्या स्वस्त कॅमेऱ्यांची त्याहून सैल. "पोराचा गुडघा ३४.८ आहे" या एकट्या आकड्याला म्हणूनच फार अर्थ नाही. एकाच प्रतिमेतल्या दोन गुडघ्यांमधला फरक त्यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह असतो, कारण कॅमेरा दोन्हीकडे सारखाच चुकतो.

गाडीच्या एसीतून काढून लगेच वापरलात तर वाचन सरकत राहतं. अधूनमधून कॅमेऱ्यातून टिक असा आवाज येतो, तेव्हा तो आतलं झाकण क्षणभर बंद करून स्वतःला सावरत असतो. त्या आवाजानंतरची प्रतिमा घ्या, आणि कामाआधी कॅमेरा चालू करून वीस-तीस मिनिटं त्याच खोलीत ठेवा.

सेटिंगमध्ये एमिसिव्हिटी पुष्कळदा ०.९५ आणि परावर्तित तापमान २० अंश अशी आधीच भरलेली असते. ती तशीच ठेवून ४२ अंशांच्या खोलीत ३५ अंशांची कातडी मोजली, तर हिशेबाने वाचन जवळजवळ ०.९ अंशाने जास्त येतं. दोन्ही पायांना सारखंच फसवतं, म्हणून डाव्या-उजव्याच्या तुलनेत लक्षात येत नाही. पण जानेवारीची नोंद मे महिन्याशी ताडली की फसगत उघडी पडते. एमिसिव्हिटी ०.९८ करा, आणि परावर्तित तापमानात फॉइलवरून आलेला आकडा भरा.

अंतराचंही पाहा. १६० × १२० बिंदूंचा, ५७ अंश रुंद दिसणारा कॅमेरा २ मीटरवरून पाहतो तेव्हा त्याचा एक बिंदू जवळपास १.४ सेंटीमीटर जागा व्यापतो. गुडघा किंवा मांडी मोजायला चालेल. पण टाचेच्या वरची जाड नस (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी, अकिलीस टेंडन) तेवढीच रुंद असते, तिच्या बिंदूत मागची भिंत मिसळते, आणि तापलेल्या भिंतीसमोर निरोगी नसही सुजल्यासारखी गरम दिसते. तिच्यासाठी ७०-८० सेंटीमीटरवर जा आणि तिच्या अगदी समोरून, म्हणजे पायाच्या मागून सरळ पाहा. तिरक्या कोनातून कातडी जास्त परावर्तन करते.

रंगांच्या बाबतीत एकच सांगतो: स्वयंचलित पट्टी बंद करा. ती चौकटीतल्या सर्वांत गरम जागेला लाल करते, मग ती जागा फक्त ०.२ अंशाने गरम असली तरी. पट्टी २६ ते ३८ अंशांवर बांधून टाका आणि दर वेळी तीच ठेवा. आणि लाल प्रतिमा व्हॉट्सअ‍ॅपवर पालकांना पाठवू नका. साध्या फोटोसारखी पाठवली की तिच्यातला तापमानाचा डेटा निघून जातो, उरतं फक्त घाबरवणारं चित्र. मूळ फाइल जपून ठेवा. डॉक्टरांना द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौकटीत एक तांब्या

रोजच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात यासाठी खर्च नसलेली युक्ती: स्टीलच्या तांब्याला बाहेरून काळी, चमक नसलेली इलेक्ट्रिकची टेप लावा. त्यात कोमट पाणी, ३४-३५ अंशांच्या आसपास, भरा. आत थर्मामीटर सोडा आणि पाणी ढवळत राहा. हा तांब्या खेळाडूच्या पायांशेजारी, प्रत्येक प्रतिमेत येईल असा ठेवा. टेपवरचं कॅमेऱ्याचं वाचन आणि थर्मामीटरचा आकडा यांतला फरक म्हणजे त्या दिवशी कॅमेरा किती चुकतोय. तेवढा सगळ्या आकड्यांतून वजा करा. टेप हवीच, उघडं स्टील समोर उभ्या असलेल्या तुमचेच किरण परतवेल.

वहीत खोलीचं तापमान, वेळ, फॉइलचा आकडा, तांब्याचा फरक आणि दोन्ही बाजूंची सरासरी लिहा. सर्वांत गरम बिंदू लिहू नका, ठरावीक चौकोनाची सरासरीच लिहा. प्रत्येक खेळाडूची निरोगी अवस्थेतली नोंद आधी हवी. गोळाफेक करणाऱ्याचा फेकीचा खांदा, रेडरचा उडीचा पाय मुळातच थोडा वेगळा असू शकतो. त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या फरकापेक्षा आजचा फरक किती वाढला, हे पाहायचं.

हे सगळं करूनही फरक दोन-तीन पहाटा टिकला, तर सराव हलका करा, गुडघा दाबून आणि वाकवून तपासा, फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. एक बाजू नेहमीपेक्षा थंड दिसली तरीही तेच करा. जुन्या दुखापतीनंतर कमी वापरला जाणारा पाय थंडही दिसतो.

या कॅमेऱ्याने उष्माघात तपासू नका

हे शेवटी लिहितोय, पण यातलं सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. "कपाळ ३६ दाखवतंय, म्हणजे पोरगा ठीक आहे" असं कधीही म्हणू नका. घामाने निवलेलं कपाळ ३६ दाखवत असताना आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. सराव करताना येणाऱ्या उष्माघातात अंगाला घाम सुटलेला असतो, कातडी कोरडी पडायची वाट पाहू नका. आतलं तापमान खात्रीने कळायला गुदद्वाराचा थर्मामीटरच लागतो. मैदानावर तो नसतो, म्हणून वागण्याकडे पाहा. पोरगा बडबडायला लागला, चिडचिड करू लागला, तोल जायला लागला, नाव-गाव नीट सांगेना, की तो उष्माघातच समजा.

लगेच सावलीत न्या, बूट आणि जादा कपडे काढा. शेतातली ताडपत्री प्रत्येक गावात मिळते. तिच्यात त्याला झोपवा, चारी बाजूंनी माणसांनी ती उचलून धरा आणि मिळेल तेवढं थंड पाणी आणि बर्फ आत ओतून हलवत राहा. तोंड आणि नाक पाण्याबाहेर राहील असं एकाने डोकं धरायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी पाजू नका. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात हलवायचं. १०८ ला फोन एकाने करावा, बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नये.